पावसाळ्याला दोष देऊ नका

मंडळी, आज थोडं कडू लिहितोय. आमच्या गोव्यात बोट असलेल्या घरांत ऑगस्ट उजाडला की एकच रडगाणं: "पावसानं बॅटरी खाल्ली!" मी आयुष्य बँकेत काढलं, बोटींची कर्जंही हाताळली. हिशेबाच्या भाषेत सांगतो, पावसानं काही खाल्लं नाही. तुम्ही खातं उघडं टाकून गेलात आणि दोन महिने पासबुक पाहिलं नाहीत.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. बोट काठावर ओढतात, वर ताडपत्री टाकतात, बॅटरी मात्र जोडलेलीच. बोटीत पाणी साचलं की पंप आपोआप सुरू. रेडिओही थोडी थोडी वीज ओढतो. काहीच जोडलेलं नसलं तरी लेड-ॲसिड बॅटरी आमच्या उष्म्यात हळूहळू उतरते. उतरलेली तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, ते सहजी निघत नाही.

मग काय, शेजारच्या बोटीवरून वायर जोडायची, इंजिन चालू करायचं आणि "झालं काम" म्हणत थेट दर्यात! माझा खरा राग इथे आहे. लहान आउटबोर्ड इंजिनाचं चार्जिंग भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यापुरतं असतं, मेलेली जिवंत करायला नव्हे. बाहेर इंजिन बंद पडलं तर दिवा, पंप, रेडिओ सगळंच गेलं. बॅटरीचे पैसे वाचवायचे आणि खलाशांचे जीव तारण ठेवायचे, हा कुठला व्यवहार?

काम अगदी सोपं आहे. बोट वर घेतल्यावर तळाचं बूच काढा, म्हणजे पाणी साचणार नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करा. आधी निगेटिव्ह वायर सोडवा, मग पॉझिटिव्ह. बॅटरी कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. महिन्यातून एकदा मीटर लावा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. पाणी घालायचं ते डिस्टिल्डच. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, जवळ विडी पेटवू नका. चार्ज करून रात्रभर ठेवल्यावरही व्होल्टेज पडत असेल, तर ती बदला. बूच परत लावायला विसरू नका.

कुणी म्हणेल, आजोबा बॅटरीशिवायच जायचे की! जायचे. पण त्यांच्या होडीत वल्ही होती. तुमच्या बोटीत आहेत?