टाचेखालची माती

गेल्या वर्षी दिवाळीच्या चार दिवस आधी आमच्या घरात जी झाडाझडती झाली, तीत दोन आरोपी सापडले. एक माझ्या जुन्या टाचणांचा गठ्ठा आणि दुसरा माझ्या वहाणांचा जोड. गठ्ठ्याबद्दल मी फारशी कुरकुर केली नाही. त्यातली टाचणं माझ्याइतकीच विद्यार्थ्यांनाही पाठ झाली आहेत. पण वहाणांचं नाव निघताच हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून मी उठलो.

"अहो, लेकीनं हौसेनं आणलेले बूट खोक्यात पडलेत, आणि ही लक्तरं दाराशी! सणासुदीला चार माणसं येतील, काय म्हणतील?"

सौभाग्यवतींचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या जोडाला पाहून कुणी काही म्हणण्याआधी हसलंच असतं. डाव्या वहाणेचा कान एकीकडे कललेला, उजवीचा अंगठा दुसऱ्याच कातड्याचा, आणि दोहोंच्या तळाला मोटारीच्या टायरचा तुकडा. २०१४ साली पेपर तपासायला कोल्हापूरला गेलो होतो, तेव्हा तिथल्या चप्पल लाइनीतून मी त्या घेतल्या. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, वादीनं शिवलेलं. चालताना अशी करकर वाजत, की मी वर्गात पोचण्याआधी मुलं गप्प बसत. पुढे २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांचा तो मान. माझ्या वहाणांची तळाशी टायर लागल्यामुळे जात बाटली होती. त्यांना त्यात कोण धरणार?

टायर लागला तो वारीपायी. कोल्हापुरी कातड्याचं आणि पाण्याचं हाडवैर, आणि वारी तर ऐन आषाढात.

आमचे दादा, म्हणजे वडील, प्राथमिक शिक्षक. पेन्शनीत निघाल्यावर ते दर साली तुकोबांच्या पालखीबरोबर देहूपासून पंढरपूरपर्यंत पायी जात. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. २०१५ च्या ज्येष्ठात एके संध्याकाळी ते मला म्हणाले, "तू सगळी वारी कर असं मी म्हणत नाही. तुझ्या कॉलेजला सुट्टी कुठली? पण पालखी आपल्या बारामतीला येते, तिथून इंदापूरपर्यंत तरी चालून ये. सणसर, निमगाव केतकी, इंदापूर. तेवढाच माझा तुकडा."

वाचकहो, मी काही मोठा भाविक नव्हे. तुकोबा शिकवतो तो अभ्यासक्रमात आहे म्हणून. पण वडिलांचा राहिलेला तुकडा, त्याला नाही कसं म्हणायचं? रजा टाकली आणि निघालो. पन्नासएक किलोमीटरांची ती वाट त्यानंतर २०१९ पर्यंत दर वर्षी चाललो, त्याच वहाणांनी. पहिल्याच वर्षी कोल्हापुरी तळ भिजून पापडासारखा सुटला, तेव्हा बारामतीच्या बाजारातल्या चांभारानं टायर ठोकून दिला.

परत आलो की दादा हालहवाल विचारत नसत. त्यांना नजरेनं फारसं दिसत नव्हतं. ते म्हणत, "वहाणा आण इकडे." मग वहाण उलटी करून मांडीवर घ्यायची, तळाच्या खाचेत बोट फिरवायचं, मातीची गुठळी काढून चिमटीत चुरायची. "ही चिकट काळी, सणसरच्या अलीकडची, कालव्याकाठची. हा मुरूम निमगावच्या पुढचा. का रे, बेलवाडीला रिंगणात पाऊस होता ना?" बहुतेक वेळा होता. मी तीन दिवसांत जे डोळ्यांनी पाहिलं नसेल, ते त्यांनी माझ्या टाचेखालून काढलेलं असायचं.

काटेवाडीची हकीकत मात्र ते माझ्या तोंडून ऐकत. तिथे परीट मंडळी पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पुढे मेंढ्या पालखीभोवती गरगर धावतात. त्या पांढऱ्याशुभ्र धोतरांच्या कडेला मी चिखलानं भरलेल्या वहाणा हातात धरून उभा राही. तेव्हा मनात एक गोष्ट नेहमी येई. आपल्या भाषेनं वहाणेला किती हिणवलं आहे! पायातली वहाण पायातच बरी म्हणायचं, कुणाचा राग आला की जोडे मारायचे, अपमान करायचा तर चपलांचा हार घालायचा. आणि ज्या पालखीपुढे लाखो माणसं चालतात तिच्यात काय असतं? पादुका. १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी पालखीत ठेवून नेल्या त्या पादुकाच. मास्तरकीची खोड म्हणून आणखी एक सांगतो. वहाण हा शब्द संस्कृत 'उपानह्' वरून आला आहे. पुढची अक्षरं चालून चालून झिजली आणि उरलं ते आपण पायात घातलं. 'अनवाणी' हा त्याचाच भाऊ.

२०२० साली वारी निघाली नाही. ३० जूनला पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. दादा दूरदर्शनसमोर बसून ते ऐकत होते. "पादुकांनाही यंदा गाडी लागली रे," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्या वहाणा आण बघू."

गेल्या वर्षापासून त्या खुंटीला होत्या. मी काढून दिल्या. त्यांनी उजवी उलटी केली आणि टाचेपाशी, जिथे कातडं आणि टायर मिळतात त्या सांधीत, नख घातलं. "आहे अजून थोडी," म्हणाले. ती त्यांनी काढली मात्र नाही. वहाणा परत दिल्या.

२०२१ च्या वैशाखात दादा गेले.

२०२२ ला पालखी पुन्हा पायी निघाली, तेव्हा वहाणा घालायच्या की नाही यावर मी दोन रात्री विचार केला. सांधीत ती माती होती. पण वस्तू जपून ठेवणाऱ्या माणसाला दादा 'कुलूपवाला' म्हणत. अखेर घातल्या. पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी आदल्या नोव्हेंबरात झाली होती. जिथे डांबर गुळगुळीत तिथे तळाला काही लागतच नव्हतं. निमगावच्या पुढे उजवा अंगठा तुटला. सुतळीनं बांधून, पाय फरफटत इंदापूर गाठलं.

तिथे रस्त्याकडेला मांडवात काही चांभार मंडळी वारकऱ्यांच्या वहाणा फुकट शिवून देत बसली होती. पुढे बायाबापड्यांची ही रांग! माझा नंबर लागला तेव्हा एका म्हाताऱ्यानं वहाण हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, "माउली, हिनं लई रस्ता खाल्लाय." अंगठा बसवला. मग टाचेचा टायर सुटत आलेला पाहून त्यानं रापी उचलली, आणि मी तोंड उघडण्याच्या आत सांधीतली माती खरवडून काढली. गुठळी खाली पडली. खाली आधीच शेकडो वहाणांची माती पडली होती. काळी, तांबूस, करडी. मी वाकून पाहत राहिलो. कुठली कुठली ते मला ओळखता येईना. दादांना आलं असतं.

"काही पडलं का माउली?" त्यानं विचारलं.

"नाही," म्हणालो. पैसे देऊ केले ते त्यानं घेतले नाहीत. मागे रांग खोळंबली होती.

त्या रात्री बारामतीला आलो आणि वहाणा हातात घेऊन सोप्यात तसाच उभा राहिलो. कुणाकडे न्यायच्या ते क्षणभर आठवेना. सौभाग्यवतींनी त्या माझ्या हातातून घेऊन खुंटीला अडकवल्या. काही बोलल्या नाहीत.

हे सगळं मी गेल्या दिवाळीत त्यांना सांगितलं असं नव्हे. मी फक्त "असू देत," म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमचं नेहमीचंच!" आणि वहाणा उचलून मागच्या दारी घेऊन गेल्या. म्हटलं, संपलं. रद्दीवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. टाचणांचा गठ्ठा गेला, खोक्यातले बूट दाराशी आले. मी मागच्या दारी पाहायलाही गेलो नाही. पाहून वाद वाढवावा, एवढी हिंमत मला नाही.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगाची गडबड झाली. उटणं, तेल, चिरंजीवांचा आरडाओरडा. आंघोळ करून पंचा वाळत घालायला मागच्या दारी गेलो, तर तुळशीवृंदावनाच्या पायरीवर वहाणा. धुतलेल्या, पुसलेल्या, आणि पणतीच्या उजेडात कातडं नव्यासारखं काळसर चमकत होतं. बोट लावलं तर तेलकट लागलं.

सौभाग्यवती मागे येऊन उभ्या होत्या.

"वाटीत तेल उरलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि उजवीची टाच पुन्हा सुटलीय. आषाढाच्या आत ठोकून आणा."