ओले अंथरूण हा अपराध नव्हे

स्मरणिकेच्या पानांवर शाळेची वाटचाल, निकालांची परंपरा आणि माजी विद्यार्थ्यांचे यश यांना हक्काचे स्थान असते. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने लहान आणि काहीसा संकोचाचा आहे. रात्री झोपेत ज्यांचे अंथरूण ओले होते, त्या लहान मुलांचा हा प्रश्न आहे. निवासी शाळेतील प्रत्येक गृहपालाला तो ठाऊक असतो. पुष्कळ पालक प्रवेशाच्या वेळी तो लपवितात. ज्यांनी तो भोगला, ते मोठेपणीही त्याविषयी अवाक्षर काढीत नाहीत. म्हणूनच आपल्या शिक्षणपरिवारात त्यावर एकदा मोकळेपणाने बोलावयास हवे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे पंधरा मुलांचे अंथरूण अधूनमधून रात्री ओले होते. सातव्या वर्षी हे प्रमाण शंभरात पाच ते दहा असते. याचा अर्थ, पहिली-दुसरीच्या चाळीस मुलांच्या शयनगृहात अशी दोन ते चार मुले असणारच. त्यांतील बहुतेकांचा त्रास वयाबरोबर आपोआप सुटतो. दरवर्षी अशा शंभर मुलांपैकी सुमारे पंधरा मुले कोणत्याही उपचाराविना कोरडी राहू लागतात.

यामागील कारणे शरीरातच आहेत. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून एक संप्रेरक स्रवते. काही मुलांत ते पुरेसे स्रवत नाही. काहींच्या मूत्राशयात लघवी कमी मावते. सात वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयाची क्षमता सर्वसाधारणपणे २४० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक पेलाभर असते. काहींची झोप इतकी गाढ असते की मूत्राशय भरल्याची सूचना त्यांना जागे करू शकत नाही. आनुवंशिकतेचा भागही मोठा आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला बालपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता बरीच वाढते. जे झोपेत घडते, त्यावर मुलाच्या इच्छेचा ताबा नसतो.

तरीही आपण शिक्षा करतो ती मुलालाच. ओली गादी सर्वांसमोर डोक्यावर घेऊन उन्हात टाकावयास लावणे, प्रार्थनेच्या वेळी नाव पुकारणे, वेगळ्या कोपऱ्यात झोपविणे, सोबत्यांनी ठेवलेल्या ओंगळ टोपणनावाकडे दुर्लक्ष करणे, हे प्रकार अनेक वसतिगृहांत घडतात. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. परंतु कायद्याच्या आधी मला परिणामाची चिंता वाटते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले, ते घरापासून दूर आलेल्या मुलाचे शिक्षण निवाऱ्याअभावी तुटू नये म्हणून. त्याच परंपरेतील एखाद्या वसतिगृहातून एखादे मूल केवळ ओल्या गादीच्या लाजेने घरी पळून जात असेल आणि पुन्हा शाळेत येत नसेल, तर ती त्या परंपरेची हार आहे.

काही अनुभवी मंडळी म्हणतात, धाक नसेल तर मुले बेफिकीर होतील. शिवाय एका गृहपालाने रोज पहाटे किती चादरी धुवाव्यात? दुसरी तक्रार रास्त आहे आणि तिचे उत्तर व्यवस्थेने द्यावयास हवे. पहिली मात्र मान्य करता येत नाही. धाकाने मुलाची झोप बिघडते, संप्रेरक वाढत नाही. उलट भ्यालेले मूल ओली चादर घडी करून लपविते, दिवसभर पाणी पीत नाही आणि रात्र पडू लागली की घाबरते.

पाण्याविषयीचा गैरसमज दूर करणे विशेष अगत्याचे आहे. शौचालये अस्वच्छ असली किंवा तासाला बाहेर सोडत नसले, की मुले दिवसा तहान मारतात आणि सायंकाळी एकदम भरपूर पाणी पितात. योग्य क्रम याच्या उलट आहे. सकाळपासून दुपारपर्यंत पोटभर पाणी, शाळेच्या वेळेत दर दोन-तीन तासांनी लघवीला सुटी, सायंकाळनंतर चहा नाही, झोपण्यापूर्वीच्या तासा-दीड तासात पाणी बेताने आणि अंथरुणावर पडण्याच्या आधी लघवी. बद्धकोष्ठ असल्यास भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते, म्हणून त्याचाही उपचार करावा. शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर रात्रभर दिवा हवा. अंधाराच्या आणि सापकिरड्याच्या भीतीने जागे झालेले मूलही पांघरुणातच पडून राहते.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. आपल्या विद्यालयात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतून मुले येतात. विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी समाजांत सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची शक्ती लहानपणीच घटते. त्यामुळे रात्रीही पातळ लघवी भरपूर होते आणि अंथरूण ओले होते. अशा मुलाचे पाणी तोडणे धोक्याचे आहे, कारण शरीरातील पाणी कमी झाले की असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. ज्या मुलाला आपण आळशी म्हणून तहानलेले ठेवतो, ते कदाचित सिकलसेलग्रस्त असेल. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. तेव्हा प्रत्येक मुलाची तपासणी प्रवेशाच्या वर्षीच करून घ्यावी, आणि सिकलसेलग्रस्त मुलाच्या उशाशी रात्रीही पाण्याची बाटली असावी.

सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर ते नव्याने घडलेल्या एखाद्या गोष्टीचे लक्षण असू शकते. घरची आठवण, घरातील मृत्यू, मोठ्या मुलांकडून किंवा अन्य कोणाकडून होणारा छळ, यांचा शोध विश्वासात घेऊनच घ्यावा लागतो. लघवीला जळजळ होत असेल तर डॉक्टरांकडे न्यावे. तहान फार वाढली आणि वजन घटू लागले, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी. सात वर्षांनंतरही त्रास टिकला, तर उपाय उपलब्ध आहेत. लघवीचा पहिला थेंब पडताच वाजणारा गजर चिकाटीने दोन-तीन महिने वापरल्यास सुमारे दोनतृतीयांश मुले कोरडी होतात. शयनगृहात तो सर्वांनाच जागे करील, म्हणून उन्हाळ्याची सुटी त्यासाठी उत्तम. गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्याव्यात.

पालकांना विनंती आहे की प्रवेशाच्या वेळी ही गोष्ट गृहपालांना खाजगीत सांगावी. ज्या वडिलांना स्वतःला बालपणी हा त्रास होता, त्यांनी तो मुलाला सांगावा. त्याएवढा धीर दुसरे कोणी देऊ शकणार नाही. व्यवस्थापनाने लहान मुलांच्या सर्वच गाद्यांना मेणकापडाचे आवरण घालावे, म्हणजे कोणाची गादी वेगळी दिसणार नाही. जादा चादरी आणि कपडे मुलांच्या हाती लागतील असे ठेवावेत आणि कपडे धुण्याचे यंत्र घ्यावे. माजी विद्यार्थ्यांनी देणगी देताना कमानीपूर्वी या यंत्राचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची हकिकत आहे. कोणीही त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचावर निजविले. मग संघाला बोलावून त्यांनी जे समजाविले, त्याचा आशय असा की, येथे तुमची काळजी घेण्यास आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. वसतिगृहात झोपलेल्या सात वर्षांच्या मुलाची स्थिती याहून निराळी नाही. पहाटे त्याची चादर कोणी, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या चेहऱ्याने बदलली, हे ते मूल आयुष्यभर लक्षात ठेवील.