शिकविण्यापूर्वीं शिकावें

शेतकी कॉलेजांतील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठीं खेड्यांत येतात, हें आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. मुलांस कृषिदूत व मुलींस कृषिकन्या म्हणण्याचा प्रघात आहे. बीजप्रक्रिया, मातीचा नमुना घेण्याची रीत, बोर्डो मिश्रण, निंबोळी अर्क इत्यादि गोष्टी तीं शेतकऱ्यांस करून दाखवितात. यांतूनच पुढें कोणी शिक्षक व कोणी विस्तार अधिकारी होणार. तेव्हां शिकविण्याच्या कामांतील ही त्यांची उमेदवारीच होय. ती कोणत्या रीतीनें व्हावी, याविषयीं चार शब्द लिहिणें अगत्याचें वाटतें.

खेड तालुक्यांतील महाळुंगे हें गांव घ्या. चाकण औद्योगिक वसाहतीच्या कारखान्यांनीं त्याचें शिवार वेढलें आहे. पुष्कळ जमीन कारखान्यांकडे गेली. उरली तिचे तुकडे झाले. अनेक घरचा तरुण पाळीवर कामास जातो व शेत वडील माणसें आणि बायका पाहतात. अशा ठिकाणीं भर दुपारीं चार माणसें जमवून मोठ्या बागाइताचें व्याख्यान दिलें, तर तें ऐकणारास कितपत उपयोगी पडेल? व्याख्यान खोटें नसतें. तें ज्याच्यासाठीं तयार केलें तो शेतकरी मात्र तेथें नसतो.

या बाबतींत आपल्याच जिल्ह्यांतील एक उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी करून तिचा वृत्तांत १९१७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं उपदेशापूर्वीं मोजणी केली. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली असून त्यांपैकीं ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान आहेत, असें त्यांस आढळलें. एवढ्या मोठ्या अधिकाराच्या विद्वानास जर आधीं गांव वाचावें लागलें, तर विशी-बाविशीच्या उमेदवारास त्यांतून सूट कशी मिळावी? तें पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरांत सामावून गेलें आहे. महाळुंग्याची वाटही त्याच दिशेची दिसते. म्हणून येथें शेती टिकवावयाची तर शिक्षण नेमकें हवें.

आमची सूचना अशी कीं, पहिले पंधरा दिवस या विद्यार्थ्यांनीं कांहींच शिकवूं नये. घरोघर जाऊन जमीन किती, पाणी कोठलें, राबणारे हात कोणाचे व कर्ज किती, हें टिपून घ्यावें. मग एकच विषय निवडून तो एका गुंठ्यावर करून दाखवावा. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें शेतकीच्या धड्यांबरोबर लहानसें नमुन्याचें शेत असावें असें सुचविलें, त्याचें मर्म हेंच. राजगुरुनगर येथें कांदा व लसूण संशोधन संचालनालय जवळच आहे. तेथील ‘भीमा सुपर’ हा खरिपाचा वाण घरच्या बियाण्याशेजारीं लावावा, दोहोंचा खर्च लिहावा व काढणीस येऊन दोहोंचें वजन सर्वांसमक्ष करावें. शिकविण्याची वेळही ऐकणारीच्या सवडीनें, दिवेलागणीनंतर, ठेवावी.

मुदत थोडी व परीक्षेचें ओझें मोठें, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु दहा विषय उरकण्याऐवजीं एक पुरा करण्यास वेळ अधिक लागतो असें नाहीं. काढणीपर्यंत मुक्काम शक्य नसेल, तर त्या दिवसापुरतें येणें कोणासही अवघड नाहीं.

यांत शेतकरी बंधूंचेंही कर्तव्य आहे. नुसत्या वहीवर सह्या करून व छायाचित्रास उभें राहून आपण या मुलांस निरोप देतों, तेव्हां पुढील तीस वर्षांचा कच्चा शिक्षक आपणच तयार करतों. त्यांस एक गुंठा द्यावा, घरचा हिशेब मोकळेपणानें दाखवावा आणि सांगितलेलें जमलें नाहीं तर तसें तोंडावर सांगावें. त्यांचे गुण कॉलेज देईल. परंतु त्यांची खरी परीक्षा घेण्याचा अधिकार आपला आहे, आणि तो आपण बजावला पाहिजे.