जुनी नौका, नवे इंजिन

तीर्थपुरीसारख्या गावच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात वेगवान मोटारबोटींवरचा लेख पाहून वाचक हसतील, याची मला कल्पना आहे. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर. आपल्या तालुक्यात ऊस आहे, कापूस आहे, समर्थांचे जांब आहे, बोट कुठली? नदीला पाणी असले की पूर्वी माणसे गुळाची काहील पाण्यात सोडून पैलतीर गाठीत, आणि अडचणीच्या वेळी आजही कुणी थर्माकोलचा तराफा बांधतो. तेव्हा हा विषय मी का घेतला, ते आधी सांगितले पाहिजे.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जे अस्मानी संकट आले ते कुणी विसरलेले नाही. जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि गोदाकाठच्या गावांत पाणी शिरले. आमचे काही नातलग काठावरच्या एका वस्तीवर राहतात. त्यांना बाहेर काढण्यासाठी त्या रात्री एका कचेरीकडे धाव घेतली गेली, कारण तिच्या आवारात पुरासाठी म्हणून आणलेली एक फायबरची बोट आहे हे सर्वांना ठाऊक होते. बोट होती. ती लिंबाखाली उपडी पडलेली होती. तिचे इंजिन कोठीत होते. दोरी ओढून ओढून चार तरण्या पोरांचे हात दुखून आले, पण ते काही बोलले नाही. शेवटी दुसरीकडून बोट आली, माणसे सुखरूप निघाली, म्हणून आज हे शांतपणे लिहिता येते. कचेरीचे नाव मी घेत नाही. अशी बोट एकाच कचेरीत असेल असे मला वाटत नाही.

दिवाळीच्या सुटीत मी कल्याणला मामांकडे गेलो तेव्हा ही हकीगत त्यांना सांगितली. मामांनी मुंबईत लाँचदुरुस्तीच्या एका लहानशा कारखान्यात तीस वर्षे फिटर म्हणून काढली आहेत. त्यांनी एवढेच विचारले, "इंजिन ठेवताना पेट्रोल काढलं होतं का रे?" मी म्हणालो, "मामा, मला काय माहीत!" ते म्हणाले, "मग झालं. वर्षभर राहिलं की त्याचा डिंक होतो. कार्बोरेटरची भोकं बुजतात. पाण्याच्या पंपातली रबराची फिरकी सुकून तडकते. बोट बिघडली नव्हती, बाबा. तिला कुणी विचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुर्गाडीला नेले. कल्याणच्या खाडीवरचा हा किल्ला. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे याच परिसरात गलबते आणि गुराबा बांधण्यास आरंभ झाला, हे आपण इतिहासाच्या तासाला शिकतो. त्या कामी रुई लैतांव व्हिएगस नावाच्या पोर्तुगीज कारागिराला नेमले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. या दुर्गाडीपाशी आता आपल्या नौदलाची 'टी-८०' ही बोट ठेवली आहे. इस्रायली बनावटीची ही वेगवान हल्ला-नौका १९९८ च्या जूनमध्ये नौदलात दाखल झाली. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात गस्त घालणे हे तिचे काम. तेवीस वर्षांच्या सेवेनंतर २०२१ साली ती निवृत्त झाली आणि भंगारात न जाता स्मारक म्हणून कल्याणला आली. जिथे मराठ्यांचे आरमार जन्मले तिथे नव्या आरमाराची बोट उभी करावी ही कल्पना ज्याला सुचली त्याचे कौतुकच केले पाहिजे. मुले येतात, बोट पाहतात, छायाचित्रे काढतात.

मी भारावून पाहत होतो. मामा मात्र बोटीच्या पिछाडीकडे जाऊन तिचे बूड न्याहाळत राहिले. परतताना मी विचारले, तर म्हणाले, "छान ठेवलीय. पण मला तिचा आवाज ऐकायचा होता."

त्या एका वाक्यावरून हा लेख सुचला. जुनी वेगवान बोट जतन करायची म्हणजे नेमके काय जतन करायचे? तिचा सांगाडा, की तिचे चालणे?

वेगवान बोट ही इतर बोटींसारखी नसते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आपली साधी होडी पाणी कापत जाते. वेगवान मोटारबोट वेग आला की नाळ उचलते आणि पाण्यावर घसरू लागते. तिचे बूड, तिच्या इंजिनाचे वजन आणि ते वजन कुठे ठेवले आहे, या तिन्हींचा मेळ बसला तरच ती धड धावते. म्हणून तिच्या दुरुस्तीत एक मोठी फसगत असते. जुने इंजिन थकले की मालकाला वाटते, आता दुप्पट ताकदीचे बसवू. मामांच्या कारखान्यात अशी गिऱ्हाईके नेहमी येत. इंजिन बसे, रंग होई, हार घालून लाँच पाण्यात सोडली जाई, आणि मग कळे की पिछाडी खाली बसते आहे, किंवा जुन्या पिछाडीच्या फळीला नव्या इंजिनाचा जोर झेपत नाही आणि आतले लाकूड तर केव्हाच कुजले आहे. "इंजिन बदलायला सगळे तयार असतात, फळी ठोकून बघायला कुणी तयार नसतं," हे मामांचे म्हणणे मी वहीत टिपून ठेवले आहे.

या बाबतीत जगातले सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधले आहे. डोनाल्ड कॅम्पबेल या गृहस्थाने 'ब्लूबर्ड के-७' नावाच्या जेट इंजिनाच्या बोटीने १९५५ ते १९६४ या काळात पाण्यावरच्या वेगाचे सात विक्रम केले. शेवटचा विक्रम ऑस्ट्रेलियातल्या डंबलयंग सरोवरावर, ३१ डिसेंबर १९६४ रोजी, ताशी ४४४ किलोमीटरचा. तेवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. बोट जुनी झालेली, इंजिनही जुने. १९६६ साली त्याने तिच्यात जास्त जोराचे ऑर्फियस इंजिन बसवले. हे इंजिन नॅट या लढाऊ विमानाचे. नॅट म्हटले की आपल्या लोकांचे कान टवकारतील. होय, तेच नॅट, जे बंगळुरूला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधले आणि ज्याने १९६५ व १९७१ च्या युद्धांत सेबर विमानांना पाणी पाजले. म्हणजे आपल्या आकाशात जे इंजिन गर्जत होते त्याचेच भावंड इंग्लंडच्या तळ्यावर धावत होते! ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन तळ्यावर बोटीने पहिली फेरी ताशी ४७५ किलोमीटरच्या पुढे केली. परतीच्या फेरीत, त्याहूनही अधिक वेगात, नाळ उचलली ती उचललीच. बोट हवेत कोलांटी खाऊन पाण्यावर आपटली आणि कॅम्पबेलसह तळाला गेली. दोष एकट्या इंजिनाचा होता असे मी म्हणत नाही. त्या फेरीची कारणमीमांसा जाणकार अजून करीत आहेत. पण जुन्या कुडीत नवा जीव घालताना काय पणाला लागते, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

खरी गोष्ट याच्या पुढची आहे. चौतीस वर्षांनी, २००१ साली, बिल स्मिथ नावाच्या पाणबुड्या इंजिनियराने ती बोट तळ्यातून वर काढली. मोडकातोडका पत्रा कुणीही भंगारात घातला असता. त्याने आणि त्याच्या स्वयंसेवकांनी तो पत्रा शक्य तेवढा सरळ केला आणि तोच पुन्हा वापरला. तळ्यात राहिलेले मूळ इंजिन कामाचे नव्हते, म्हणून त्याच जातीचे दुसरे ऑर्फियस बसवले. याहून ताकदवान इंजिन आज सहज मिळाले असते. त्यांनी तो मोह टाळला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या लॉक फॅडवर ब्लूबर्ड पुन्हा पाण्यावरून धावली. मग बोट कुणाची, यावरून वाद माजला. दुरुस्त करणाऱ्यांचे म्हणणे, आम्ही तिला जिवंत केले; संग्रहालयाचे म्हणणे, कॅम्पबेलच्या घरच्यांनी ती आम्हांला दिली. २०२४ च्या मार्चमध्ये बोट कॉनिस्टनच्या रस्किन संग्रहालयात पोहोचली. वाद कुणी जिंकला याचे मला फारसे महत्त्व वाटत नाही. एका मोडक्या बोटीच्या चालण्यावरून माणसे भांडतात, याचेच मला अप्रूप वाटते. आपल्याकडे भांडण होते ते चौथऱ्यावर कुणाच्या नावाची पाटी लावायची यावरून.

आपला इतिहास काही कमी प्रतीचा नाही. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला आणि पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका बुडवली. तो दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो. या बोटी सोव्हिएत बनावटीच्या. वजन जेमतेम दोनशे टन, वेग ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत. प्रत्येक बोटीत तीन डिझेल इंजिने, आणि एकेका इंजिनाला बेचाळीस सिलिंडर, चाकाच्या आऱ्यांसारखे सात रांगांत मांडलेले! आपल्या विहिरीवर एक सिलिंडरचे इंजिन असते आणि ते थंडीत चालू करताना घरातला कर्ता पुरुष रडकुंडीला येतो. बेचाळीस सिलिंडरची तीन इंजिने रात्रीच्या अंधारात, शत्रूच्या दारात, एका सुरात चालती ठेवणारे हात कोणाचे होते? सेनानी बबरूभान यादव यांचे नाव पुस्तकांत आहे, ते असलेच पाहिजे. पण इंजिनघरातल्या मेकॅनिकांची नावे आपल्यापैकी कोण सांगू शकेल?

पुढे ही नावे नव्या पिढीच्या बोटींना दिली गेली. नव्या वीर आणि निपात २०१६ साली, तर नवी निर्घात २०१८ साली निवृत्त झाल्या. नौदलाची ही जुनी चाल आहे आणि ती मला फार आवडते : लोखंड जाते, नाव राहते. पण नाव म्हणजे कला नव्हे. ते बेचाळीस सिलिंडरचे यंत्र उघडून पुन्हा बांधणारा शेवटचा फिटर गेला की ती बोट खऱ्या अर्थाने गेली, मग तिचा सांगाडा कुठल्याही चौकात उभा असो.

विक्रांतचे तर सर्वांनाच ठाऊक आहे. ती काही मोटारबोट नव्हे, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात. १९९७ साली निवृत्त, काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय, २०१२ साली प्रवेश बंद, २०१४ साली सुमारे साठ कोटींना विक्री आणि मग तोडकाम. तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकल २०१६ साली बाजारात आली आणि लोकांनी ती हौसेने घेतली. आमच्याही गल्लीत एक आहे. तिच्या मालकाला मी विक्रांतविषयी विचारले, तर त्याने अॅव्हरेज सांगितले.

तेव्हा माझे मत असे आहे. प्रत्येक जुनी बोट पाण्यात चालती ठेवणे परवडणार नाही, हे मी जाणतो. स्मारके हवीतच. पण जी बोट ठेवाल तिच्या एका तरी इंजिनाचे अंग उघडे करून ते मुलांना हाताने फिरवू द्या. ज्यांनी ते चालवले त्यांना बोलावून त्यांच्या तोंडून त्याची कामे लिहून घ्या. हे काम तर आम्ही कला शाखेची मुलेही करू शकतो, त्याला पाना-हातोडी लागत नाही. आणि जिथे बोट अजून कामाची आहे तिथे नवे बसवावे, जरूर बसवावे, मात्र जुने काय काढले, का काढले, किती वजनाचे होते, हे एका वहीत नोंदवून. जुन्याच्या नावाने गळा काढून बोट सडू देणे आणि नव्याच्या हौसेने तिचा मेळ बिघडवणे, यांत मला फारसा फरक दिसत नाही.

काही मित्र म्हणतील, हे सगळे मुंबई-इंग्लंडचे झाले, आपल्याला काय त्याचे? मी त्यांना त्या लिंबाखाली घेऊन जाईन. पुराच्या पाण्यात, प्रवाहाविरुद्ध, सात-आठ माणसे घेऊन वर चढायचे तर वेग आणि जोर दोन्ही लागतात; तिथे काहीलीचे काम नाही. ती बोट जुनी आहे, पण मामांना दाखवलेल्या छायाचित्रांवरून त्यांचे मत पडले की बूड शाबूत आहे. पिछाडीची फळी तेवढी ठोकून पाहावी लागेल. आवाज बद्द आला तर ती बदलायची. इंजिनाचा कार्बोरेटर धुवायचा, पंपाची फिरकी नवी घालायची, प्लग बदलायचे. मग दर महिन्याला अर्धा तास, पिंपात गोडे पाणी भरून, त्यात बुडवून चालवायचे. खर्च एका सत्कार समारंभाहून कमी येईल.

या जानेवारीत आम्ही पाच मुलांनी त्या कचेरीत रीतसर अर्ज दिला की सुटीत बोट दुरुस्त करण्याची परवानगी मिळावी. मामा स्वखर्चाने यायला तयार आहेत. अर्जावर शिक्का मिळाला. नंतर दोनदा जाऊन आलो. कोठीची किल्ली ज्यांच्याकडे असते ते एकदा रजेवर होते आणि एकदा बैठकीला गेले होते. वार्षिक परीक्षा संपली की पुन्हा जायचे ठरले आहे. मामांनी फिरकी आणि चार प्लग आणून ठेवले आहेत. पाऊस सात जूनच्या आत लागायचा नाही, असे ते म्हणतात.