गिटारवाल्याचा हरी

देवाच्या बाबतीत आपण फार उदार आहोत, अशी आपली एक समजूत आहे. दगडाला शेंदूर लागलेला दिसला की आपण हात जोडून मोकळे होतो. पण हे औदार्य दगडापुरतंच. देवाचं नाव घेणारा माणूस समोर आला की आपल्या चौकशा सुरू होतात. कुठला? कोणाचा? गळ्यात काय? आणि हातात काय? हातात टाळ असेल तर 'या माउली!' वीणा असेल तर पाया पडू. आणि गिटार असेल तर दारातल्या चपला आत घेऊन ठेवू.

मी आज त्या गिटारवाल्याचं वकीलपत्र घेतलं आहे. फी नाही. आरोपी जॉर्ज हॅरिसन, जन्म 1943, लिव्हरपूलच्या एका बस कंडक्टरचा धाकटा मुलगा, धंदा बीटल्स नावाच्या चौकडीत गिटार वाजवणे. मुद्देमाल 'माय स्वीट लॉर्ड' नावाचं एक गाणं. ते अमेरिकेत 1970 च्या नोव्हेंबरात निघालं, इंग्लंडात पुढच्या जानेवारीत, आणि दोन्हीकडे पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. गुन्हा असा की, एका गोऱ्याने देवाला हाक मारली, ती कृष्णाचं नाव घेऊन मारली, आणि मारताना मांडी घातली नाही. फिर्यादी आमच्या गावातले काही सज्जन, मुक्काम पोस्ट जामखेड, जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर.

खटल्याला निमित्त झालं ते एका भजनाच्या बैठकीचं. गल्लीतला एक कॉलेजकुमार विचारायला आला, "काका, गिटार घेऊन येऊ का? एक इंग्रजी भजन बसवलंय." मंडळाचे चालक म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "बाळ, हे देवाचं घर आहे, हॉटेल नव्हे." पोरगं मान खाली घालून गेलं. मग मास्तरांनी पेटीचा भाता उघडला आणि एका हिंदी सिनेमाच्या चालीवर विठ्ठलाला आळवायला घेतलं. चाल कोणती ते सांगत नाही. मूळ गाण्यात नायिका पावसात भिजत असते, एवढंच सांगतो.

पहिला आक्षेप वाद्याचा. गिटार परकी, मान्य. पण मास्तरांची पेटी कुठली हो? आळंदीला उगवली की देहूला? हार्मोनियम हे फ्रान्समध्ये 1840 च्या सुमारास तयार झालेलं वाद्य. ते मिशनऱ्यांबरोबर इकडे आलं, कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याला मांडी घालून वाजवण्याजोगं केलं, आणि आपण त्याला 'पेटी' असं घरचं नाव ठेवून देवापुढे बसवलं. 1940 साली रेडिओने या पेटीला परकी म्हणून बाहेर काढलं होतं, ती पुन्हा आत यायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. आज पेटीशिवाय भजन म्हणजे फोडणीशिवाय आमटी. म्हणजे परकेपणा हा काही कायमचा रोग नाही. दीडशे वर्षं मांडीवर घेतलं की जातो.

दुसरा आक्षेप जबर आहे. 'अहो, त्याची ती चालसुद्धा चोरीची!' खरं आहे, कोर्टात सिद्ध झालेलं आहे. शिफॉन्स नावाच्या अमेरिकन मुलींचं 1963 सालचं 'हीज सो फाइन' हे गाणं आणि ही चाल सख्ख्या बहिणी निघाल्या. 1976 साली न्यायाधीशांनी निकाल दिला की आरोपीने चाल मुद्दाम उचललेली नाही, त्याच्या नकळत त्याच्या मनाने उचलली. तरी जबाबदारी त्याचीच. पुढची गंमत ऐका. हॅरिसनचा जो पूर्वीचा मॅनेजर, त्यानेच त्या दुसऱ्या गाण्याचे हक्क विकत घेतले आणि जुन्या मालकावरच दावा पुढे चालवला. बांधाच्या भांडणात आपल्याच वकिलाने समोरच्याचं वावर खरेदी करून आपल्यालाच नोटीस धाडावी, तसलाच प्रकार. कोर्टालाही हे पटलं नाही. 1981 साली ठरलं की या गृहस्थांनी हक्क घेताना मोजलेले 5,87,000 डॉलर तेवढे घ्यावेत, फायदा खाऊ नये.

आता हा कायदा जामखेडला लावा. नकळत चाल उचलणाऱ्याला एवढी शिक्षा, तर कळून सवरून, वहीत वर 'चाल: अमुक सिनेमा' असं लाल शाईने लिहून गाणाऱ्या आमच्या भजनी मंडळांना काय करायचं? महाराष्ट्रातले तुरुंग पुरायचे नाहीत. एक मात्र होईल, तुरुंगात भजनं फार रंगतील. आणि हेही असू द्या. 1975 साली 'जय संतोषी माँ' आला तेव्हा बाया थिएटरच्या दारात चपला काढून आत जात होत्या. उषा मंगेशकरांनी त्यात गायलेली आरती पडद्यावरून उतरून थेट देवघरात गेली. तिथे आपण 'हे तर सिनेमाचं' असं म्हटलं नाही. बरोबरच केलं. आपण चाल कुठून आली हे पाहिलं नाही, ती कुठे निघाली आहे हे पाहिलं. तेवढाच न्याय मी माझ्या अशिलासाठी मागतो.

तिसरा आक्षेप उच्चारांचा. गाण्यात मागे कोरस आहे. तो आधी 'हालेलुया' म्हणतो आणि म्हणता म्हणता 'हरे कृष्ण'वर येतो, शेवटी शेवटी तर शाळेच्या प्रार्थनेतला तो गुरूचा श्लोकही येतो. दोन्ही हाका एकच आहेत, हे हॅरिसनला दाखवायचं होतं. ओळखीच्या हालेलुयात लोकांनी मान डोलवायला सुरुवात केली की हळूच कृष्ण पुढे करायचा. आई गुळातून औषध देते, तसं. आता त्या कोरसचं संस्कृत ऐकून काशीच्या पंडिताला ठसका लागेल, यात शंका नाही. पण गणेशोत्सवात गणपतीसमोर उभे राहून आपण काय म्हणतो ते एकदा टेप करून ऐकावं. 'संकटी'ची 'संकष्टी' होते. नागाचं बंधन मिरवणाऱ्या देवाला आपण फळीवर वंदन करून मोकळे होतो. गणपतीने आजवर कोणाला 'पुन्हा म्हण' म्हटल्याचं ऐकिवात नाही.

चौथा आक्षेप हॉटेलवाला. हरे कृष्ण आणि गिटार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे 1971 सालचा देव आनंदचा सिनेमा, त्यातलं 'दम मारो दम' आणि धुराचे लोट येतात. पण हॅरिसन इकडे आला होता तो शिकायला. 1966 साली तो रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत उतरला, ताजमध्ये नाव बदलून राहिला, तरी पोरांनी पत्ता काढलाच. 1968 च्या जानेवारीत पुन्हा येऊन त्याने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं. म्हणजे हा बाबा शिकवणी लावून आलेला होता. आपल्यातल्या किती जणांनी देवासाठी शिकवणी लावली आहे?

'पण 120 खोल्यांच्या वाड्यात राहून कसली आली तळमळ?' असंही एक वकीलसाहेब म्हणाले. वाडा होता, 1970 सालीच घेतलेला. माझं म्हणणं उलट आहे. दोन खोल्यांत राहणाऱ्याला देव हवा असतो तो बहुधा तिसऱ्या खोलीसाठी. आपल्या प्रार्थना तपासून पाहा. मुलाची नोकरी, मुलीचं स्थळ, जावयाची बदली, बोअरला पाणी. देवळाचा गाभारा की तहसील कचेरीची खिडकी, असा प्रश्न पडावा; फक्त अर्जाला तिकीट लावायच्या ऐवजी नारळ लावायचा. गरजवंताने मागू नये असं मी म्हणत नाही. आमच्या दुष्काळी तालुक्यात पाणी मागणं पाप नव्हे. पण सत्ताविसाव्या वर्षी पैसा, कीर्ती, वाडा सगळं पदरात पडल्यावर जो माणूस एवढंच मागतो की मला तुला बघायचं आहे आणि फार उशीर होतोय, त्याच्या अर्जावर 'ढोंगी' असा शेरा मारायला आपण कोण?

आणि हे मागणं आपल्याला अनोळखी आहे का? पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते ती आमच्या तालुक्यातल्या खर्ड्यावरून जाते. त्या दिंडीतल्या म्हातारीला विचारा, 'मावशी, काय मागणार?' ती म्हणेल, 'मागायचं काय बाबा, डोळे भरून बघायचं.' आणि गर्दीमुळे नुसता कळस दिसला तरी हात जोडून परत फिरेल. ज्या नाथांची ती पालखी, त्यांनी तर बाजारातली बोली, सोंगं, गारुड्याचा खेळ सगळं भारुडात आणून देवापुढे उभं केलं आणि लोकभाषेला नाकं मुरडणाऱ्या पंडितांना खडसावलं. त्यांच्या पुढ्यात गिटार आली असती तर तिचंही एक भारूड झालं असतं.

आपलं गाव तर या बाबतीत मुळीच कोतं नव्हतं. ज्या 1970 साली ते गाणं निघालं, त्याच साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य जामखेडला आलं आणि खेड्यातल्या अडाणी बायकांना शिकवून त्यांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं. 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाळाचा ताप उतरल्यावर 'डॉक्टर, तुमचा देव कुठला?' असं आपण विचारलं नाही. याच तालुक्यातल्या चौंडीची लेक अहिल्याबाई. तिने 1780 साली काशीला विश्वनाथाचं देऊळ उभं केलं. 'बाई, तुम्ही नगरकडच्या, काशीत काय काम?' असं तिला काशीकरांनी विचारल्याचंही ऐकलेलं नाही. आणि नगरजवळच्या अरणगावला मेहेरबाबांची समाधी आहे. पुण्याच्या इराणी घरातला हा मुलगा साकोरीच्या उपासनी महाराजांपाशी राहिलेला. त्याच्या नावाने पीट टाउनशेंड या इंग्रज गिटारवाल्याने गाणी केली, 1972 साली त्याची प्रार्थना चालीत बांधली. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून माल बाहेर गेला, साहेबाने तो गिटारवर वाजवला, आणि आपण इकडे जकात नाक्यावर बसून विचारतोय, पावती कुठे?

उशिराची तक्रार करायला आधी कोणाची तरी वाट पाहावी लागते. जामखेडला रेल्वे नाही. वाट पाहण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. एसटीची पाहतो, पावसाची पाहतो, रेल्वेची तर आज्यापासून पाहतो. देवाची वाट पाहायची मात्र आपण थांबवली आणि त्याच्या दारावर पहारा करायला लागलो, असा माझा आरोप आहे. 2001 साली हॅरिसन गेला. 2002 च्या जानेवारीत तेच गाणं इंग्लंडात पुन्हा पहिल्या नंबरावर आलं. माणूस गेला तरी हाक चालूच आहे.

एक अडचण मात्र खरी आहे, ती मी लपवत नाही. गिटार आणि पखवाज एका सुरात लावायचे म्हणजे वेळ जाणार. पण जाऊ द्या की एक संध्याकाळ! 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी हॅरिसन आणि रविशंकरांनी कार्यक्रम केला, तेव्हा आपल्या वादकांनी नुसती वाद्यं जुळवली तर समोरच्या हजारो श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यावर रविशंकर हसून म्हणाले की जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल. आमच्या सतरंजीवर तसं झालं तरी काय बिघडणार आहे?