खुर्ची आणि निशाण

मैदान सोडलेल्या खेळाडूने दूरचित्रवाणीच्या खुर्चीवर बसून इतरांच्या खेळाचे गुणदोष सांगावेत हा आता शिरस्ताच झाला असून, ती खुर्ची म्हणजे गतकीर्तीबद्दल मिळालेली जहागीर होय, ही समजूत आपल्याकडील क्रिकेटच्या समालोचनकक्षातही सुखाने नांदते आहे. ही समजूत पारखून घ्यावयाची तर इंग्लंडचे फुटबॉलपटू जिमी हिल यांची कारकीर्द पाहावी. खेळाडू, संघव्यवस्थापक आणि सूत्रसंचालक हे तीन हुद्दे त्यांनी भूषविले, परंतु त्यांतील एकालाही विश्रांतिस्थान मानले नाही.

ब्रेंटफर्ड आणि फुलहॅम या संघांकडून ते खेळले, पण केवळ गोलांचा हिशेब मांडला तर त्यांची आज फारशी आठवण निघाली नसती. मात्र फुटबॉलपटूस आठवड्याला २० पौंडांहून अधिक वेतन मिळू नये, असा जो निर्बंध तेथे होता, त्याविरुद्ध खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी संपापर्यंत जाण्याची तयारी केली आणि १९६१ साली तो निर्बंध उठला. पुढे आठवड्याला १०० पौंडांचा मानकरी ठरला तो त्यांचाच फुलहॅममधील सहकारी जॉनी हेन्स.

त्याच वर्षी त्यांनी तिसऱ्या श्रेणीतील कॉव्हेंट्री सिटीचा कारभार हाती घेतला. संघाला आकाशी पोशाख दिला, प्रेक्षकांसाठी खास आगगाड्या सोडविल्या, आणि १९६७ साली संघास पहिल्या श्रेणीचे दार उघडून दिले. पण त्या दारातून संघ आत पाऊल टाकतो न टाकतो, तोच दूरचित्रवाणीसाठी ते पायउतार झाले. याला कोणी चंचलता म्हटले तर तो आक्षेप मी सर्वस्वी नाकारणार नाही.

तथापि १९७३ पासून बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’चे सूत्रसंचालन करतानाही त्यांनी कोणाची भीड धरली नाही. १९८२ च्या विश्वचषकात स्कॉटलंडच्या डेव्हिड नॅरीने ब्राझीलवर केलेल्या नेत्रदीपक गोलाला त्यांनी बुटाच्या टोकाने मारलेला म्हटले, आणि स्कॉटिश जनतेचा रोष कायमचा ओढवून घेतला. तिकडे बोलता बोलता खेळाचे कायदे बदलण्याची तजवीजही चालूच होती. विजयास दोनऐवजी तीन गुण द्यावेत ही त्यांची सूचना इंग्लंडच्या लीगने १९८१ साली अमलात आणली, आणि पुढे ती जगाने स्वीकारली.

बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन येते ते पूर्वी अंगावर घेतलेल्या जबाबदारीमुळे, आणि ती पुन्हा घेण्याच्या तयारीमुळे. १९७२ साली हायबरी येथे आर्सेनल आणि लिव्हरपूल यांचा सामना चालू असता एक लाइन्समन जायबंदी झाला, आणि प्रेक्षकांत कोणी अधिकृत पंच आहे काय, अशी विचारणा झाली; तेव्हा दूरचित्रवाणीवरचे हे प्रसिद्ध गृहस्थ, पंचाची परीक्षा उत्तीर्ण असल्यामुळे, आपल्या आसनावरून उठले, खाली उतरले आणि निशाण हाती घेऊन रेषेवर धावू लागले.