संग्रहाचा वारस कोण?

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. त्या मिळकतीतून त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा हजारो वस्तू जमवल्या आणि १९७५ साली, अकाली गेलेल्या मुलाची स्मृती म्हणून, हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. त्यानंतर वीस वर्षांनी, जानेवारी १९९५ मध्ये, भारत सरकारने हैदराबादच्या निजामाच्या संग्रहातील १७३ जडजवाहीर २१८ कोटी रुपये मोजून विकत घेतले. एक संग्रह मध्यमवर्गीय माणसाने समाजाला दिला. दुसरा, रयतेच्या शेतसाऱ्यावर पोसलेल्या राजघराण्याचा, त्याच रयतेच्या वंशजांनी करांच्या पैशातून सोडवून घेतला. या दोन व्यवहारांतील विसंगती हा केवळ योगायोग नव्हे. मोठ्या संपत्तीच्या वारशाकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीतच तिचे मूळ आहे.

१९५३ साली देशात इस्टेट ड्युटी, म्हणजे मृत्युकर, लागू झाला. वीस लाखांवरील संपत्तीवर त्याचा कमाल दर पुढे ८५ टक्क्यांपर्यंत गेला. तरीही १९८५ साली अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो रद्द केला. उत्पन्न सुमारे वीस कोटी आणि वसुलीचा खर्च मात्र त्या मानाने जास्त, असे कारण तेव्हा दिले गेले. परंतु उत्पन्न कमी का होते? दर कागदावर जबर आणि पळवाटा व्यवहारात मुबलक, अशी त्या कायद्याची अवस्था होती. गळक्या मोटेतून पाणी वर येत नाही म्हणून कोणी विहीर बुजवत नाही. २०१५ मध्ये संपत्ती करही गेला. त्याच्या १९५७ च्या कायद्याने विक्रीसाठी नसलेल्या कलासंग्रहांना सूट दिली होती. मात्र तो संग्रह कधीतरी लोकांना पाहू द्यावा, एवढी साधी अटही त्या सुटीला जोडलेली नव्हती.

आजची स्थिती अशी आहे. कोट्यवधींचा चित्रसंग्रह मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मुलांकडे गेला, तर त्या हस्तांतरावर एक पैसाही प्राप्तिकर नाही. वारसाने तो विकला तरच भांडवली नफ्यावर कर लागतो आणि दीर्घ मुदतीच्या नफ्यासाठी जुलै २०२४ पासून त्याचा दर १२.५ टक्के आहे. पगारदाराच्या श्रमाच्या कमाईवर मात्र वरच्या टप्प्यात ३० टक्के कर बसतो. श्रमाला जड आणि जन्माच्या योगायोगाला हलके, असे हे माप आहे.

ज्याला संग्रह समाजाला द्यायचा आहे, त्याच्या वाट्याला काय येते? कलाकृती, ग्रंथ किंवा हस्तलिखिते सरकारला, विद्यापीठाला अथवा राष्ट्रीय संग्रहालयाला दिल्यास भांडवली नफ्याचा कर लागत नाही, ही तरतूद चांगली आहे. पण धर्मादाय देणगीची वजावट फक्त पैशाच्या रूपातील देणगीला मिळते, वस्तूला नाही. आयुष्यभर पोथ्या जमवणारा निवृत्त शिक्षक त्या विद्यापीठाला देतो, तेव्हा त्याला करात कसलीच सवलत नाही. पैशांची देणगी देणाऱ्या धनिकाला मात्र ती आहे. अशा शिक्षकाच्या मागे त्या पोथ्या रद्दीच्या दुकानात गेल्या, तर दोष केवळ त्याच्या मुलांना देता येणार नाही.

याला पर्याय नाही असे नव्हे. फ्रान्सने १९६८ च्या कायद्याने वारसा कर रोख रकमेऐवजी कलाकृतींच्या रूपात भरण्याची मुभा दिली. १९७३ मध्ये मृत्युपत्र न करता पिकासो वारला. त्याच्या वारसांनी कराऐवजी शेकडो कलाकृती राष्ट्राला दिल्या आणि त्यांतून पॅरिसचे पिकासो संग्रहालय उभे राहिले. ते उघडले १९८५ साली, म्हणजे ज्या वर्षी भारताने मृत्युकराला मूठमाती दिली, त्याच वर्षी! ब्रिटनमध्येही राष्ट्रीय महत्त्वाच्या वस्तूंना वारसा करातून सूट मिळते, परंतु वारसाने त्या जपाव्यात व लोकांना पाहू द्याव्यात, या अटीवर. वस्तू विकली की थांबलेला कर पुन्हा जागा होतो. ही दोन्ही राष्ट्रे भांडवलशाहीच आहेत. तेथे जे शक्य झाले ते समाजवादाचा उच्चार घटनेच्या उद्देशिकेत करणाऱ्या देशात अशक्य का ठरावे?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. सरकारच्या ताब्यात गेलेली वस्तू लोकांची होते की केवळ कुलूपबंद होते? निजामाचे जवाहीर विकत घेतल्यावर रिझर्व्ह बँकेच्या तिजोऱ्यांत गेले आणि २००१ व २०१९ सारख्या मोजक्या प्रदर्शनांतच सामान्य माणसाला दिसले. खाजगी तिजोरीतून सरकारी तिजोरीत झालेल्या स्थलांतराला सामाजिकीकरण म्हणता येणार नाही. म्हणून नुसत्या कराची मागणी पुरेशी नाही. त्या करातून संग्रहालये, जाणकार कर्मचारी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी प्रदर्शने उभी राहिली पाहिजेत.

मागण्या स्पष्ट असाव्यात. अतिमोठ्या संपत्तीवर वारसा कर पुन्हा लावावा आणि त्याची मर्यादा अशी ठेवावी की शेतकऱ्याचे शेत, कामगाराचे घर व गृहिणीचे दागिने त्यात येऊ नयेत. तज्ज्ञांच्या समितीने मूल्य ठरवलेल्या वस्तू कराऐवजी स्वीकारण्याची सोय असावी. करातून सूट हवी असलेल्या संग्राहकाने वर्षातील काही दिवस दारे उघडावीत. आणि लहान संग्राहकाच्या वस्तुरूप देणगीला रोख देणगीइतकाच मान कायद्याने द्यावा.

चित्र काढणारा, हिरा खणणारा, दिवा ओतणारा कारागीर यांची नावे बहुतेक संग्रहांत कोठेच नसतात. त्यांच्या श्रमांचा वारसा मूठभर घराण्यांच्या मृत्युपत्रांत बंदिस्त राहावा, हे न्यायाला धरून नाही. केळकरांनी स्वेच्छेने जे केले, ते प्रत्येक धनिक करील अशी आशा भाबडी ठरेल. सज्जनांच्या दानतीवर न विसंबता न्यायाची तजवीज करण्यासाठीच तर कायदा असतो.